कडक आणि मऊ

गाडीचे धक्के झेलणारे शॉकअप बदलण्याचा योग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, असं एका दंतवैद्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या स्पोर्ट्स कारला तो तिसऱ्यांदा आला होता.

नव्या शॉकअपसाठी डॅशबोर्डवर बटण होतं: रस्त्याला मऊ, शर्यतीच्या ट्रॅकला कडक. बायकोला फरक पटला, तरच रविवारी ट्रॅकवर जायची परवानगी मिळणार होती.

गतिरोधकावरून गाडी नेत ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "हे कडक. हाडं खिळखिळी झाली ना?"

"झाली."

त्यांनी बटण फिरवलं. पुढचा गतिरोधक आला. "आता? लोणी की नाही?"

"मला तर आधीसारखंच वाटतंय."

"अगं, त्याला जाण लागते."

"बरं बाबा, लोणी. जा रविवारी."

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर मेकॅनिकचा फोन आला. "डॉक्टर, त्या बटणाची वायर जोडायची राहिलीय."