चौदा दिवसांची शाळा

ऊसतोडीवरून परत येणारा ट्रॅक्टर पाथरीच्या अलीकडंच अडवला, आणि त्यातली अकरा माणसं घरी न सोडता थेट गावच्या शाळेत कोंडली. करोनाचा पहिला उन्हाळा होता. चौदा दिवस बाहेर पडायचं नाही म्हटल्यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. छबूबाई मात्र खूश. तिची पिंकी चौथीत होती ती नुसती हजेरीपटावर. दिवाळी झाली की लेकरू आईबापासंगं फडावर. आता ती सलग चौदा दिवस शाळेत राहणार होती, आणि गेटावर पहाऱ्याला साक्षात दिनकरराव गुरुजी बसले होते.

छबूबाईनं पोरीला पहिल्या रांगेत बसवलं आणि गेटापाशी गेली.

"गुरुजी, करा की सुरू."

"काय?"

"शिकवायला."

"छबूबाई, शाळा बंद हाय."

"मंग आमी कुठं हावोत?"

"तुमी विलगीकरण कक्षात."

छबूबाईनं मागं वळून घंटा बघितली, फळा बघितला. "मला तर शाळाच दिसायली."

"दिसू द्या. मला खोकणारी माणसं मोजायची ड्युटी हाय. शिकवायचं ते मोबाईलवर, तसा आदेश हाय. हाय का मोबाईल?"

"हाय की. बटनाचा."

गुरुजी तसे माणूस मऊ. दुसऱ्या दिवशी वर्गाचं दार सताड उघडं ठेवायला लावलं आणि गेटावरूनच, तोंडाला रुमाल बांधून, ओरडून गुणाकार सांगायला लागले. आत पिंकी फळ्यावर मांडायची. गोपीचंद, म्हणजे छबूबाईचा नवरा, गुणाकाराच्या दुसऱ्या ओळीत शून्य कशाला म्हणून गुरुजींशी भांडला, पण रोज बसायचा. चार दिवसांत पिंकीला दोन आकडी गुणाकार यायला लागला.

तेवढ्यात गावातल्या कुणीतरी व्हिडिओ काढून तहसीलला पाठवला. सहाव्या दिवशी जीपमधून पथक आलं. बंदी असताना शाळा भरवली म्हणून पंचनामा. कारकुनानं दारातूनच फळ्यावरचं गणित उतरवून घेतलं: सत्तेचाळीस गुणिले तेवीस. उत्तर अजून मांडलेलं नव्हतं. कागद अर्धा राहू नये म्हणून तो बोटं मोजायला लागला.

"एक हजार एक्याऐंशी," आतून पिंकी म्हणाली.

पथकाच्या साहेबानं मान वर केली. "हे कुणी शिकवलं, बाळ?"

"गुरुजींनी. परवा."

छबूबाईचा ऊर भरून आला, आणि तिथंच गुरुजींची मान खाली गेली. पोरीचा जबाब झाला. खडू जप्त झाले. फळ्यावर औषध फवारलं. गुरुजींची बदली परभणी रोडच्या नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायला.

त्यांच्या जागी सूर्यभान नावाचा होमगार्ड आला. छबूबाईनं त्यालाही विचारून बघितलं, "तुमाला गुणाकार येतो का हो?"

"येतो. पर मला बोलायची मनाई हाय, मावशी." मग त्यानं एक कागद गेटाखालून आत सरकवला. "हितं अंगठा लावा. पोरगी घरी बसून शिकायली, असं लिहून द्यायचंय."

"ती घरी न्हाई. शाळंत हाय. आन शिकत बी न्हाई."

"तसा रकाना न्हाई याच्यात."

"मंग बसव एक."

"मावशी, माझ्या हातात काय हाय? कागद गेला न्हाई तर पोरीचं नाव कटंल म्हणायलेत."

छबूबाईनं वर्गाकडं बघितलं. पिंकी रिकाम्या फळ्यासमोर बोटानं हवेत काहीतरी मांडत होती. सूर्यभाननं लांबूनच काठीनं शाईचं पॅड पुढं ढकललं.

छबूबाईनं अंगठा लावला.