माउंटखालचा माणूस

दादा मला ओळखेनासा झाला, त्याला दोन वर्षं झाली. मी गेलो की "सुतार आलाय" असं वहिनींना सांगायचा. मी चित्रांना फ्रेमा करतो, त्यामुळे अगदीच चूक म्हणता येत नव्हतं. पण सख्खा भाऊ हो! जीव जळायचा.

दादाचा जन्म छापखान्यात रंग जुळवण्यात गेला. आता त्याचं लक्ष उरलं होतं ते एका जपानी छापचित्रात. लाकडी ठशांनी छापलेलं तळं, पलीकडे बर्फाचा डोंगर, वर गडद निळं आभाळ, खाली येता येता फिकं होत गेलेलं. रोज तासभर हातात धरून बसायचा. कागदाच्या कडा झिजायला लागल्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, याला काच तरी बसवा."

बसवली. तीस वर्षांच्या सवयीनं भोवती पुठ्ठ्याचं माउंट, चारी बाजूंनी चित्रावर अर्धा इंच चढवलेलं. मी चित्रं बघत नाही, मापं बघतो. एकेक चित्र न्याहाळत राहिलो असतो तर दुकानाला कधीच टाळं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "हे जेवत नाहीत. 'तो कुठे गेला' एवढंच चाललंय."

"तो कोण?"

"मला काय ठाऊक!"

हातातलं काम टाकून गेलो. दादा फ्रेमच्या डाव्या कडेवर बोट आपटत होता. म्हटलं, घ्या, आता काच फोडणार हा. वैतागून जेवणाच्या टेबलावर फ्रेम उघडली, माउंट काढलं. डाव्या कडेला नखाएवढा माणूस, छत्री घेतलेला. अर्धा चित्रात, अर्धा बाहेर.

"हा बघ," दादा म्हणाला. "आधी याच्याकडे बघायचं. थंडीत निघालाय, अख्ख्या तळ्याला वळसा घालायचाय. आता डोंगराकडे बघ."

बघितलं. डोंगर एकदम लांब गेला होता. पाण्यात लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या, त्याही मला तेव्हाच दिसल्या.

"रंगागणिक वेगळा ठसा," दादा म्हणाला. "कुठे केसभर सरकलाय का बघ. खायचं काम नाही. आणि तू सरळ माणूसच झाकलास?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे! लहानपणापासून धांदरट. आई तुला साधं दूध आणायला पाठवायची नाही, दर वेळी मलाच जावं लागायचं."

वहिनी पाणी आणते म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी हातात मापाची पट्टी धरून तिथेच ढसाढसा रडलो.

दादा चित्राकडेच बघत होता. "कागदावर थेंब पाडू नकोस," म्हणाला.