नाक्यावरची वर्दी

मी मेजर ऋतिकाताईंची वर्दी बोलतेय. पळसदरीच्या त्यांच्या घरात पत्र्याच्या कपाटात मी टांगलेली असते. कपाटाचं दार नीट लागत नाही, त्या फटीतून मला घर दिसतं.

माझा जन्म छावणीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हातून झाला. ताईंचं माप घेताना तो म्हणाला होता, "मेमसाब, खांदे जरा सैल ठेवतो. भार वाढत जाणार." खरंच वाढला. खांद्यावर हुद्दा आला, छातीवर रंगीत फिती आल्या. ताई मला कुणाच्या हाती देत नसत, स्वतः इस्त्री करत. इस्त्री फिरवताना गुणगुणायच्या. ते सुख मला अजून आठवतं.

एकदा मात्र त्या गुणगुणल्या नाहीत. त्यांच्या तुकडीतला जवान जितेश बर्फाखाली गाडला जाऊन गेला होता. तो लोधिवलीचा, म्हणजे ताईंच्याच मुलखातला. त्याचा देह घरी पोचवायला ताई गेल्या, मला अंगावर घालून. लोधिवलीच्या नाक्यावर जितेशचा मोठा फोटो लावला होता, वर्दीतला, त्याला झेंडूचा हार. त्याची आई चंद्राबाई माझ्या बाहीला धरून रडली. ते पाणी सुकलं, पण मला ती पकड विसरता आली नाही.

पुढे नोकरी संपवून ताई गावी आल्या. डोंगरावरच्या वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागे. ताईंनी अर्ज दिले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एका पक्षाचे पुढारी राजेशशेठ घरी आले. "मॅडम, अर्ज करून रस्ता होत नाय. आमदार व्हा, मग होतो."

ताईंना ते पटलं. पण शेठनी वर्दीतला फोटो मागितला, तेव्हा त्या ताठ झाल्या. "वर्दी दाखवून मतं मागायची नसतात, शेठ."

"अवो, साडीतल्या ताया ढीगभर हायेत. वर्दीतली एकच. तिकीट पाहिजे ना? वाडीचा रस्ता पाहिजे ना?"

ताईंनी खिडकीतून डोंगरावरच्या वाडीकडे पाहिलं. मग उठून त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो काढून दिला. मी कपाटात होते, पण मला कुणीतरी अंगावरून ओरबाडून नेल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात गावोगावी बॅनर लागले. 'भावी आमदार'. ताईंच्या वाढदिवशी सकाळपासून अंगणात मांडव, स्पीकर, वडापावच्या पाट्या. गजा नावाचा कार्यकर्ता सगळ्यांना सांगत होता, "लोधिवलीच्या नाक्यावर मी सोता चढलो. ताईंच्या बॅनरला हा एवढा झेंडूचा हार घातला!"

"फोटूला हार घालतात का रं, येड्या?" कुणीतरी म्हणालं.

"मंग काय तुझ्या गळ्यात घालू?" सगळे हसले.

दुपारी फाटकाशी एक बाई आली. पांढरं पातळ, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. चंद्राबाई होती. मांडव बघून गोंधळली आणि तिथंच उभी राहिली. ताई पुढे धावल्या.

चंद्राबाईनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "हायेस तू? हायेस ना गं बाय?"

"आहे, मावशी. काय झालं?"

"मला वाचता येत नाय गं. नाक्यावर तुजा फोटू बघितला, वर्दीतला. हार घातलेला. माज्या जितूचा जिथं लावलेला तिथंच. मला वाटलं, तू बी गेलीस." तिनं फडकं पुढे केलं. "तुमच्या घरात आज चूल पेटायची नाय, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आले."

स्पीकर वाजतच होता. ताईंनी हात वर करून तो बंद करायला लावला. मग ओसरीवर बसून त्यांनी फडकं सोडलं.

"नको गं, सुतकाचं हाय ते," चंद्राबाई हात धरायला लागली.

"असू दे, मावशी." ताईंनी ती भाकरी खाल्ली, सगळी. खाताना त्या कुणाकडेही बघत नव्हत्या.

संध्याकाळी त्या लोधिवलीला गेल्या आणि बॅनर स्वतः उतरवला. मग बाकीचेही. राजेशशेठ म्हणाले, "मॅडम, तिकीट घालवलंत." तसंच झालं. ताई अपक्ष उभ्या राहिल्या, साध्या साडीत घरोघरी फिरल्या आणि हरल्या. वाडीतल्या माणसांनीही दुसरीकडे मतं दिली. त्यांना कुणीतरी रस्त्याचा शब्द दिला होता.

रस्ता अजून झालेला नाही. मागच्या महिन्यात वाडीतल्या सोमीचे दिवस भरले, तेव्हा तिला झोळीतूनच उतरवलं. झोळीचं एक टोक ताईंच्या खांद्यावर होतं. सोमी वाचली, मूल वाचलं नाही. घरी आल्यावर ताई कपाट उघडून माझ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. बॅनरवरचा फोटो राहू दिला असता तर, असं त्यांच्या मनात आलं असेल का? माझ्या मनात आलं.

माझे खांदे आता विरले आहेत, फिती फिकट झाल्या आहेत. तुम्हाला एकच विनंती. माझ्याकडे बघून कुणाला मत देऊ नका. पण मला उतरवून साध्या साडीत जी बाई तुमच्या दारात आली होती, ती पुन्हा आली तर तिला एकदा पाणी विचारून घरात तरी बसवा.