हळूसाहेब रांगतात

"काठी खाली!"

पैलवानाचा वर गेलेला हात वरच राहिला. काठी म्हशीच्या पाठीवर पडली नव्हती, पण पडायला फार काही उरलंही नव्हतं. चिंचोळ्या बोळात सगळ्यात पुढची म्हैस चारी पाय रोवून उभी होती, तिच्यामागे दहा-बारा जणी खोळंबल्या होत्या, आणि कठड्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभे होते हळूसाहेब.

कत्तलखान्यात जनावरांचे हाल होऊ नयेत, एवढं बघायला सरकारनं नेमलेले हे तपासनीस. आल्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द. गाडीतून जनावर उतरवताना हळू, बोळातून नेताना हळू, दार लावताना हळू. मग लोक दुसरं काय नाव ठेवणार? नाव घरापर्यंत पोचलं तेव्हा बायको पोट धरधरून हसली. घरी चहा जरा गार मिळाला की हळूसाहेबांचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायचा. "म्हशींशी बोलता त्यातलं थोडं गोड बोलणं डब्यात घालून घरी आणत जा," ती म्हणायची.

"मारली नाही साहेब," पैलवान म्हणाला. "नुसती उचलली."

"पण उचलली ना?"

"उचलली."

पैलवानाला खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत. जनावरं हाकण्याचं काम त्यानं आयुष्यभर केलं होतं. मागच्याच महिन्यात काठीवरून त्याला ताकीद मिळाली होती. पुन्हा काठी उचलली तर गोठ्यातून हकालपट्टी आणि कातडी धुवायला रवानगी, असं मॅनेजरसमोर ठरलं होतं. तिथल्या मिठाच्या पाण्यानं एकदा त्याचे हात असे सोलून निघाले होते, की घास धाकट्या मुलीनं भरवावा लागला. आणि हा नियम केला होता कुणी? खुद्द हळूसाहेबांनी. नुसता केला नव्हता, परवा त्याची पत्र्याची पाटीही रंगवून आणली होती: 'काठी उचलणाऱ्याला येथे थारा नाही'. वर टांगली तर कोणी वाचत नाही म्हणून बोळाच्या वळणावर, समोरच्या कठड्याच्या आडव्या दांड्याला, चांगली कमरेच्या उंचीवर बांधली होती. कामाला येणाऱ्या माणसांच्या नजरेला पहिली तीच पडायची.

एवढ्यात मॅनेजर तणतणत आला. "परवापासून रोज हीच रड! त्या वळणाशी आली की जनावरं अडतात. ओरडायचं नाही, मारायचं नाही, मग काय आरती ओवाळू? अहो साहेब, मरायलाच चाललीय ती. एक काठी बसली तर काय आकाश कोसळणार आहे?"

"मरायला आपण सगळेच चाललोय," हळूसाहेब म्हणाले. "म्हणून तुम्हाला रोज सकाळी कोणी काठीनं हाकत ऑफिसात आणतं का? मरण तिला चुकत नाही, मान्य. पण भीती तर चुकवता येते! तेवढंच आपल्या हातात आहे."

"ते असू दे. पैलवानाचं काय करायचं ते सांगा."

पैलवानानं काठी गुपचूप कठड्याला टेकवून ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता.  माणूस हळूसाहेबांना मनापासून आवडायचा. पण नियम मोडला होता, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"आधी म्हशींना मागे घ्या," ते म्हणाले. "बोळ रिकामा करा."

बोळ रिकामा झाला. मग हळूसाहेबांनी चष्मा घट्ट केला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि सगळ्यांसमोर, त्या शेणामुतात, गुडघे आणि हात टेकून चक्क रांगायला लागले.

"अगं बाई!" हिशेबाच्या खिडकीतून कारकूनबाई ओरडल्या. "साहेबांना काय झालं?"

"काही नाही," मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला. "आता हेही अडले की संपलं."

आणि ते अडलेच की! वळणाशी आले, डोकं वर केलं, आणि झटकन मागे सरले. समोर डोळे दिपवणारं काहीतरी लखलखत होतं, वाऱ्यानं हलत होतं. छताच्या फटीतून आलेलं ऊन त्याच्यावर पडून थेट डोळ्यांत घुसत होतं. बोळात उभ्या माणसाची नजर त्याच्या वरून जायची. चार पायांवरच्या जिवाला मात्र पुढे रस्ताच दिसत नव्हता, नुसती आग दिसत होती.

ती पाटी होती. अक्षरं माणसांकडे आणि कोरा, चकचकीत पत्रा म्हशींकडे.

 हळूसाहेब उठले, त्यांनी दोऱ्या सोडल्या आणि पाटी मॅनेजरच्या हातात दिली.

"जनावराला भिववायचं नाही, हा पहिला नियम. तो परवापासून मी मोडतोय. पैलवानानं काठी उचलली ती आज, आणि तीही माझ्यामुळे. कातडी धुवायला पाठवायचंच असेल, तर आम्हा दोघांना पाठवा."

मॅनेजरनं एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा पैलवानाकडे. त्याला हसू आवरेना. "तुम्ही कातडी धुणार? तिथंही हळू हळू करून माझं दिवाळं काढाल! राहा दोघं इथंच. पण रांग चालू करा, हात जोडतो."

पैलवानानं डोळे पुसले आणि लगेच पाटी मागून घेतली. "फेकू नका साहेब. मागची बाजू दाढी करायला झकास आहे."

म्हशी निघाल्या. जी अडली होती तीच पुढे, आणि मागून बाकीच्या, सासरहून माहेरी निघाल्यासारख्या सरळ. कोणी ओरडलं नाही, ओरडायची वेळच आली नाही.

सगळ्यात शेवटची एक म्हातारी म्हैस होती. वळणापाशी पाण्याचा हौद होता, तिथे ती थांबली. पैलवानाचा हात सवयीनं वर गेला. तो रिकामा होता. त्यानं तो तसाच खाली आणला आणि तिच्या पाठीवर ठेवला. पलीकडे दार उघडं होतं, माणसं खोळंबली होती. मॅनेजरनं घड्याळाकडे पाहून तोंड उघडलं.

"हळू, साहेब," पैलवान म्हणाला. "पाणी पितेय ती."

मॅनेजरनं घड्याळ बाहीखाली सारलं. म्हैस पोटभर पाणी प्यायली, तिनं ओलं तोंड वर केलं, आणि आपली आपण निघाली. पैलवान दारापर्यंत तिच्या बाजूनं चालत गेला.