पोहोचल्याची खूण

पंचवटीतल्या त्या गल्लीत ऊन उतरतं ते दोऱ्यासारखं, दोन भिंतींमधून. दोन हजार आठचा भाद्रपद. दिवाकर गुरुजींच्या ओसरीवर संगणक चालू होता आणि त्याच्या काचेवर हळदीची बोटं उमटली होती. गुरुजींच्या यजमानांची माणसं, तिथ्या, फोन नंबर सांभाळणारा आणि आपणहून मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसने बसवून दिला होता. तिथूनच यशश्री दुरुस्तीला आली होती.

"हे बघ." गुरुजींनी काचेवर बोट टेकवलं. "भिकन. मखमलाबादचा फुलवाला. रोज सकाळी हा दिवंगत होतो आणि माझी पूजा आटपेपर्यंत पुन्हा हयात. ऐन पितृपक्षात माझ्या ओसरीवर हा काय खेळ लावलाय तुम्ही?"

"नियमांची मारामारी असेल, गुरुजी. एक सांगतो बस, दुसरा सांगतो ऊठ."

"अगं, माणूस आहे तो. बस-ऊठ कसली!"

पायरीवर भिकनची बायको छाया झेंडू ओवत बसली होती. बारा वर्षांपूर्वी भिकन फुलं घेऊन दादरला गेला. टेम्पो परत आला, तो आला नाही. बारा वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, असा रिवाज. उद्या सकाळी ते ठरलं होतं. पळसाची पानं ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली येऊन पडली होती. पण काचेवर 'हयात' उमटलं, की गुरुजी पोथी मिटून ठेवायचे.

"जिवंत माणसाला मी अग्नी देणार नाही," ते म्हणाले. "यंत्र खोटं असेल तर तसं मला दाखव."

छाया खाली मान घालून गुणगुणत होती. आवाज सुईच्या मागून दोरा यावा तसा येत होता.

*गंगाबाई तुझं पाणी, जातं जातं किती दूर*
*सांग माझ्या राजसाला, घरी चुलीला अजून धूर*

"छायाताई, तुम्हाला काय वाटतं?" यशश्रीने विचारलं.

"मला काय वाटायचं, ताई? थकले मी. दिवस मावळला की फाटकाकडं बघायचं, ती मान आता वळंना. एकदाचं होऊन जाऊ दे." तिने गाठ मारली. "पर ते कधी न सांगता गेले नाय. त्या दिवशीबी फाटकापाशी थांबून म्हणले, 'येतो.' मग त्यांना न सांगता मी त्यांचं कसं उरकू?"

यशश्री काचेकडे वळली. पहिला नियम सापडला: बारा वर्षं खबर नसेल, तर नाव दिवंगतांत जावं आणि विधीचा मेसेज सुटावा. दुसरा नियम ऑफिसने मागाहून घातलेला: मेसेज पोहोचल्याची खूण आली, की ती खबर समजावी आणि नाव हयात व्हावं. शेवटच्या खबरेची तारीख मात्र जुनीच राहायची, म्हणून रोज सकाळी पुन्हा तेच. भिकन मेला म्हणून मेसेज जायचा, आणि मेसेज पोहोचला म्हणून भिकन जगायचा.

"पण हा पोहोचतो कुठे? भिकनरावांच्या नावापुढे नंबर कोणाचा आहे?"

छायाचे हात थांबले. "त्यांचाच. गुरुजी म्हणले, नंबराबिगर ह्यात नाव बसत नाय. मग मी जुना मोबाइल घेतला, कार्ड घेतलं. फोटोखाली ठेवते. सकाळी उजेड लागतो त्याला. घर कसं जागं वाटतं."

तिने पिशवीतून फोन काढला. त्याच्या पाठीला कुंकवाचा टिळा होता.

"म्हणजे मी चार्जिंगला लावते म्हणून ते जित्ते हायत? आन् नाय लावला, तर मेले?"

गल्लीतून एक रिक्षा गेली आणि तिचा आवाज मागे राहिला.

"तसं नाही हो," यशश्री हळूच म्हणाली. "चूक आमच्या नियमाची आहे. मी तो काढून टाकते. मग मेसेज पोहोचला काय, न पोहोचला काय, नाव हलणार नाही."

"काढा. मीबी काढते." छायाने फोन बंद केला. नखाने पाठ उघडली, बॅटरी वेगळी केली, कार्ड काढून तळहातावर घेतलं. झेंडूच्या पाकळीएवढंसं ते कार्ड.

यशश्रीने दुसरा नियम पुसला आणि पहिला चालवून पाहिला. 'दिवंगत.' शब्द उमटला आणि स्थिर राहिला. गुरुजींनी सुस्कारा सोडला. मेसेज सुटला: भिकन, आपला विधी उद्या सकाळी गंगेवर आहे. तेवढ्यात गल्लीतलं ऊन सरकलं, ओसरी एकाएकी गार झाली. कोपऱ्यातलं फडकं वारा नसताना हललं, पानं आतल्या आत कूस बदलल्यासारखी सळसळली.

काचेवर खूण आली. पोहोचला.

यशश्रीने पुन्हा पाहिलं. नंबर तोच होता. नाव तेच होतं. कार्ड छायाच्या तळहातावर पडून होतं.

"कंपनीची गडबड असेल," ती म्हणाली, पण तिचाच आवाज तिला परका वाटला. "फोन बंद असला की असं येत नाही. यायला नको."

"काय आलं, ताई?"

यशश्रीला खोटं बोलता आलं नाही. "पोहोचला म्हणतंय."

गुरुजींनी डोळे मिटले. "छायाबाई, उद्याचं थांबवू या. माझं मन धजत नाही."

छाया उठली. मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या. किती दिवसांनी तिची मान ताठ झाली होती.

"थांबवू नका, गुरुजी. मी ह्याच्यासाठीच अडले होते. आता त्यांना कळलं." तिने कार्ड पदराच्या टोकात बांधलं, ओवलेला हार पळसाच्या पानांवर ठेवला आणि फडक्यावरून हात फिरवला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. पानांची सळसळ थांबली.

"येते," ती म्हणाली. तिचं तोंड गुरुजींकडे नव्हतं.