आटलेल्या बोअरचं घर

किशोर इंगोलेने अकोल्यात दुसरं घर घेतलं, तेव्हा त्याचा विचार साधा होता. भाड्यातून बँकेचा हप्ता जाईल आणि निवृत्तीनंतर हाताशी काहीतरी राहील. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाने असं धाडस पहिल्यांदाच केलं होतं. घर विकणाऱ्याने जाताजाता सांगितलंही होतं, "उन्हाळ्यात बोअर आटते बरं का, भाऊ." किशोरने ते ऐकलं आणि मनातच ठेवलं.

पहिली भाडेकरू मिळाली दामिनी. दवाखान्यात परिचारिका, नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी. सोबत सासरे पुंजाराम, तेल्हाऱ्याचे निवृत्त शिक्षक. घर पाहताना दामिनीने विचारलं होतं, "भाऊ, पाण्याचं कसं हाये?"

"चोवीस तास!" किशोरने बेधडक सांगितलं होतं.

एप्रिल लागला आणि बोअर आटला. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. ड्युटीवरून आलेली दामिनी कोपऱ्यावरच्या टँकरपाशी रांगेत उभी राहायची आणि भरलेल्या बादल्या घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढायची. वर आल्यावर घाम पुसायचंही त्राण तिच्यात उरत नसे. शेवटी तिने घर सोडत असल्याचं कळवलं.

रविवारी नवं जोडपं घर पाहायला येणार होतं, म्हणून किशोर आधीच पोचला. दामिनी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली होती. किशोर हळूच म्हणाला, "गुरुजी, एवढ्यासाठी घर काहून सोडता? उन्हाळ्यात सगळीकडेच असं असते. थोडं जमवून घ्या."

"किशोरभाऊ, पानी आटलं त्याचा राग नाई मले," पुंजाराम म्हणाले. "पन तुमाले आधीच ठाऊक होतं ना?"

किशोर कोपऱ्यातल्या रिकाम्या बादल्या बाजूला सारू लागला.

"खरं सांगतलं असतं, तं आमी खालच्या मजल्यावरचं घर पाह्यलं असतं. ही पोरगी दिवसभर लोकाईची सेवा करते अन् घरी येऊन बादल्या वाहते. कंबर धरली तिची. तुमी निस्त्या चार भिंतीचं भाडं नाई घेत, भाऊ. थकलेला मानूस घरी येऊन पाठ टेकवते, त्याचं भाडं घेता!"

"घर रिकामं राहिलं तर हप्ता कुठून भरू, गुरुजी? मीही थकलो आता."

"थकले असान. पन तुमचं ओझं तिच्या डोक्यावर काहून देऊन राहिले?"

तेवढ्यात ते जोडपं आलं. बायको पोटुशी होती. जिना चढून तिला धाप लागली होती, तरी खोल्या पाहून तिचा चेहरा खुलला. "काका, पाणी आहे ना इथे?"

तेच जुनं उत्तर किशोरच्या ओठांवर आलं होतं. किशोरची नजर झोपलेल्या दामिनीकडे गेली आणि तो एकदम बोलून गेला, "नाही, बाई! बोअर आटलाय. पाणी खालून वाहून आणावं लागते. तुमच्या अशा अवस्थेत हे घर घेऊ नका!"

जोडपं आभार मानून निघून गेलं. किशोरला हलकं वगैरे काही वाटलं नाही. हप्त्याची काळजी तशीच होती. पण दामिनी जागी झाली तेव्हा तो तिच्यासमोर खाली बसला. "ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो. वर मोठी टाकी बसवतो, उन्हाळाभर टँकर माझ्या खर्चाने. राहायचं की जायचं, ते तुम्ही ठरवा."

दामिनीने थकल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आधी टाकी तं बसू द्या, भाऊ. मग पाहू."

टाकी बसली. त्यासाठी किशोरची नवी मोटारसायकल त्या वर्षी राहून गेली. दामिनी मात्र राहिली.

बंधुभगिनींनो, घर घेऊन भाड्याने द्यावं, असं आज आपल्यातल्या अनेकांना वाटतं. जरूर द्यावं. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या हाती आपण किल्ली देतो, त्याचं रोजचं जगणंही थोडंफार आपल्या हाती येतं. घरातली उणीव लपवून किल्ली देऊ नका. भाडं घेण्याचा हक्क आपला आहे, तर खरं ऐकण्याचा हक्क भाडेकरूचा आहे!