बिनमिठाची आमटी

मोतीरामला हार्ट अटॅक आला तो फुलबाजारात. साल १९९८, वय बावन्न. शेवंतीची टोपली उतरवता उतरवता त्याच्या छातीत कळ आली आणि तो खाली बसला. आठ दिवसांनी दवाखान्यातून मखमलाबादला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी चार तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. त्याची बायको वत्सलाबाई हिला त्यांनी बजावलं, "तेल-मीठ अगदी कमी. लोणचं, पापड, शेव बंद."

त्याची थोरली बहीण लंकाबाई हरसूलहून भेटायला आली. पिशवीत अर्जुनाच्या सालीची पूड होती.

"दुधात उकळून घे, मोती. काळजाला बळ येतं."

मोतीरामला हायसं वाटलं. गोळ्यांनी त्याला गरगरायचं. दुसऱ्या दिवसापासून त्याने साल सुरू केली आणि कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. रोजच्या गोळ्या तो खिडकीतून मागच्या केळीत टाकायचा.

पंधराव्या दिवशी मळ्यात त्याला धाप लागली. अंग घामाने भिजलं. शेजाऱ्यांनी जीपमधून दवाखान्यात नेलं. थोडक्यात निभावलं. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं.

निरोप मिळताच आलेली लंकाबाई दाराशी रडत होती. "मीच घात केला माझ्या भावाचा."

"मावशी, सालीला मी नावं ठेवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ती गोळ्यांची जागा घेत नाही. आणि मला विचारल्याशिवाय असलं काही द्यायचं नाही. सध्या ती बंद."

"मग मी काय करू?"

"यांचं जेवण सांभाळा. ते औषधाइतकंच मोठं काम आहे."

लंकाबाई दीड महिना राहिली. पहिल्याच दिवशी मोतीरामने ताट सरकवलं.

"या आमटीला चव नाय. जनावरंपण खायची नाय."

वत्सलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लंकाबाईने त्याच पातेल्यातली आमटी स्वतःच्या ताटात घेतली, भाकरी कुस्करली आणि जेवू लागली. वत्सलाबाईनेही तीच वाढून घेतली.

"तुम्ही कशाला खाताय?" मोतीरामने विचारलं.

"तू एकटाच का भोगशील?" लंकाबाई म्हणाली.

त्याने ताट पुढे ओढलं आणि तो जेवला.

त्या दिवसापासून घरात एकच आमटी शिजू लागली. नणंद-भावजयींनी डोकं लावून तिला ठेचलेला लसूण आणि लिंबाने चव आणली. जवस भाजून चटणी केली, तीही नावापुरत्या मिठाची. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चटणी चालेल, रोज चमचाभर." गोळ्या आता वत्सलाबाई हातावर ठेवायची आणि तो पाणी पिईपर्यंत समोरून हलायची नाही. सकाळी तो पाटाच्या कडेने चालू लागला, आधी वडापर्यंत, मग पुलापर्यंत.

सहा महिन्यांनी रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या. एका गोळीचं प्रमाण कमी झालं, बाकीच्या चालू राहिल्या. मोतीरामने कुरकुर केली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला तो एसटीने हरसूलला गेला. लंकाबाईचं घर चढावर होतं. हातात शेवंतीची परडी घेऊन तो सावकाश चढला, मध्ये दोनदा थांबला, पण बसला नाही. लंकाबाई अंगणात पाट मांडत होती. त्याला बघून ती धावत पुढे आली.

"अरे, निरोप धाडायचा! कुणाला तरी खाली धाडलं असतं."

"कशाला?" मोतीराम म्हणाला. "पाय हायेत की मला."